दोन आयएसएल, एक तुडुंब आणि एक रिकामी: राउटिंग पॉलिसी बदलू का?

अर्धातास_विंडो: ब्रोकेडचे दोन सॅन (स्टोरेज नेटवर्क) स्विच, मध्ये दोन आयएसएल (स्विचला स्विच जोडणाऱ्या लिंक), दोन्ही 16 जीबीपीएसच्या. आधीच्या माणसाने एपीटीपॉलिसी (राउटिंगची सेटिंग) 1, म्हणजे पोर्ट-बेस्ड (डेटा कुठल्या पोर्टातून आला त्यावरून वाट), ठेवलीये. रात्री बॅकअप सुरू झाला की एक लिंक तुडुंब, दुसरी झोपलेली. बजेट शून्य: नवं लायसन्स नाही, हार्डवेअर नाही. विंडो (बदलासाठी मिळालेला वेळ) अर्ध्या तासाची. काय करू?

ट्रंकभक्त: ट्रंकिंगचं (दोन्ही लिंक एकत्र बांधण्याचं) लायसन्स घ्या आणि मोकळे व्हा. फ्रेमच्या (डेटाच्या एकेका पाकिटाच्या) पातळीवर वाटणी होते. आम्ही घेतल्यापासून आयएसएलकडे कोणी फिरकलेलं नाही.

फायबर_आजोबा: लायसन्स घेतलं तरी दोन्ही लिंक आठ पोर्टांच्या एकाच गटात हव्यात. आमच्याकडे कुणीतरी 3 आणि 12 ला लावल्या होत्या. लायसन्स नुसतं पडून.

एमडीएसवाला: सिस्कोच्या एमडीएस स्विचवर पोर्ट-चॅनेल (लिंकचा गट) बांधा, वाटणी ओएक्सआयडी (प्रत्येक एक्सचेंजचा, म्हणजे एका वाचन-लेखन व्यवहाराचा, क्रमांक) धरून डिफॉल्टच होते. आम्हाला असले प्रश्नच पडत नाहीत.

ट्रंकभक्त: म्हणजे लायसन्सला पैसे नाहीत, पण अख्खा स्विच बदलायचा? बरं.

रात्रपाळी: एपीटीपॉलिसी 3 करा, एक्सचेंज-बेस्ड, डिफॉल्ट तीच. सोर्स, डेस्टिनेशन आणि ओएक्सआयडीवरून प्रत्येक एक्सचेंजची वाट ठरते, दोन्ही लिंक वापरल्या जातात. मात्र बदलासाठी स्विचडिसेबल (अख्खा स्विच बंद) करावं लागतं. आधी प्रत्येक होस्टचे (सर्व्हरचे) मल्टिपाथ, म्हणजे पर्यायी वाटा, दुसऱ्या फॅब्रिकवरून (स्विचच्या वेगळ्या जाळ्यावरून) जिवंत आहेत का ते तपासा.

सावध_गडी: 3 नको. फ्रेम मागेपुढे होतात.

रात्रपाळी: एका एक्सचेंजच्या सगळ्या फ्रेम एकाच वाटेने जातात हो. लिंक पडली-उठली तर तेवढ्यापुरतं होऊ शकतं, त्यासाठी आयओडीसेट (फ्रेमचा क्रम राखणारी कमांड) आहे. तुम्ही काय फिकॉन (मेनफ्रेमचा स्टोरेज प्रोटोकॉल) चालवता का?

सावध_गडी: चालवायचो. म्हणूनच सांगतोय.

रात्रपाळी: इथे मेनफ्रेम कुठून आला?

ट्रंकभक्त: ट्रंक केलं असतं तर हा वादच नव्हता.

फायबर_आजोबा: आधी पोर्टस्टॅट्सशो (पोर्टची आकडेवारी दाखवणारी कमांड) बघा. शून्य क्रेडिटचा (पुढे पाठवायची परवानगी संपल्याचा) काउंटर झपाट्याने वाढत असेल तर पलीकडचं एखादं डिव्हाइस संथ आहे, वाट बदलून उपयोग नाही. आणि दोन्ही लिंक खरंच 16 वर उठल्यात ना? एखादी 8 वर उठली तरी एफएसपीएफ (वाट निवडणारा प्रोटोकॉल) कॉस्ट 500 च दिसते, त्यावरून कळत नाही.

अर्धातास_विंडो: दोन्ही 16 वरच आहेत, काउंटरही फारसा हलत नाही. पण मल्टिपाथ तपासताना दोन जुन्या होस्टना दुसऱ्या फॅब्रिकवर पाथच नाही असं दिसलं. म्हणजे स्विच बंद करणं बाद. पॉलिसी 1 च ठेवतो आणि यूराउटकॉन्फिगने बॅकअप सर्व्हरचा पोर्ट रिकाम्या आयएसएलला बांधतो. असे स्टॅटिक (हाताने बांधलेले) राउट चालतात ते पोर्ट-बेस्डमध्येच.

ट्रंकभक्त: लायसन्स घेतलं असतं तर...

रात्रपाळी: दोन होस्ट एकाच पाथवर? ते आधी सोडवा, बॅकअप राहू दे. आणि राउट बांधणारच असाल तर ती एकाच दिशेची असते. स्टोरेजकडून येणाऱ्या डेटासाठी पलीकडच्या स्विचवर वेगळी बांधावी लागेल.