विमा कंपनीच्या सर्व्हेअरने गाडीच्या क्लेममध्ये बरंच कापलं. भांडू की घेऊ? सल्ला हवा

वारजेकर_७७
मंडळी, मार्गदर्शन करा. वारज्याला पुलाखाली उभ्या गाडीला टेम्पोने रिव्हर्स घेताना पुढून ठोकलं आणि पळाला. नंबर मिळाला नाही. हॅचबॅक आहे, पाचवं वर्ष चालू. झिरो डेप (पार्टवरचा घसारा न कापणारं जादा कव्हर) नाही.
गॅरेजचं एस्टिमेट ६४,००० (जीएसटी धरून): बंपर, जाळी, डावा हेडलाइट मिळून २२,०००, बॉनेट १०,०००, फेंडर ६,०००, रंग १८,०००, बाकी मजुरी.
सर्व्हेअरने मंजूर केले ३५,९००. बॉनेट 'बदलायचं नाही, ठोकून घ्या' (मजुरी ३,०००), आणि हेडलाइट 'जुना फुटलेला' म्हणून साफ नामंजूर. तो फुटलेला नव्हता!
खिशातून १५ हजारांच्या वर घालायची तयारी नाही. काय करावं?

आगाऊकाका
झिरो डेप घ्यायचं होतं.

वारजेकर_७७
काका, ते आता कसं घेऊ?

कोथरूडची_शुभ्रा
काका बरोबर बोलतायत. मी पहिल्यापासून झिरो डेप घेते. मागच्या वर्षी दार आणि आरसा गेला, खिशातून फक्त फाइल चार्जचे हजार गेले. पुढच्या रिन्यूअलला नक्की घ्या.

टेक्सासकर
इकडे चूक ज्याची, त्याच्या इन्शुरन्सने भरायचं. टेक्सासमध्ये मालमत्तेच्या नुकसानीसाठी किमान २५,००० डॉलरचं लायबिलिटी कव्हर प्रत्येकाला घ्यावंच लागतं. फक्त समोरच्या कंपनीचा अ‍ॅडजस्टर (इकडचा सर्व्हेअर) गोड बोलून फोनवर रेकॉर्डेड जबानी मागतो, ती द्यायची नाही. आपल्याकडे असा कायदा का नाही?

सदाशिव_पेठी
आहे. थर्ड पार्टी सक्तीचीच आहे इथेही. टेम्पोच पळाला तर वसूल कोणाकडून करणार? धागा वाचून लिहा.

टेक्सासकर
डॅशकॅम असता तर नंबर मिळाला असता. मी दोन लावलेत, पुढे-मागे. 4के.

आगाऊकाका
नाइट व्हिजन कसं आहे त्याचं?

(डॅशकॅमवरचे प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. – संपादक)

बॉडीशॉप_बाळू
दहा वर्षं बॉडीशॉपला काढलीत म्हणून लिहितो. सगळी कपात सर्व्हेअरच्या मनातली नसते. प्लास्टिक-रबरावर ५०% घसारा, गाडी कितीही नवी असो. पत्र्याला चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५%. रंगाच्या बिलातला पाव हिस्सा मटेरियल धरतात, त्याचे निम्मे जातात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला दर क्लेममागे सक्तीचे १,००० (तेच फाइल चार्ज) वजा. म्हणजे सगळं मान्य झालं असतं तरी तुम्हाला ४४,१५० च मिळाले असते.
भांडण दोनच गोष्टींवर आहे. बॉनेट सोडून द्या, पत्रा सरळ होत असेल तर बदली देत नाहीत. हेडलाइटसाठी मात्र लढा. शेवटच्या सर्व्हिसिंगचं जॉब कार्ड काढा. गाडी आत घेताना आधीचे ओरखडे, फुटतूट त्यावर मांडतात. त्यात हेडलाइट फुटल्याची नोंद नसेल तर ते कार्ड आणि अपघाताच्या दिवशीचे फोटो मेलवर जोडून फेरपाहणी मागा. फोनवर बोलू नका, मेलच करा. आणि तोवर जुना हेडलाइट भंगारात जाऊ देऊ नका!

कोथरूडची_शुभ्रा
जॉब कार्ड शोधा. आणि पुढच्या वेळी झिरो डेप.

सिनिकल_सिन्नरकर
सर्व्हेअरला पैसे कोण देतं? कंपनी. मग तो कोणाचं ऐकणार? माझ्या क्लेमला बंपरला 'रिपेअर' लिहिलं होतं त्या महाभागाने. प्लास्टिकचा तुकडा, रिपेअर! मी सोडून दिलं, अजून वायरने बांधलाय.

सदाशिव_पेठी
सोडायचं कशाला? ५० हजार आणि वरच्या नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर लागतो, त्याला नियम आहेत. रिपोर्टची प्रत मागा. कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात समाधान नाही झालं तर इन्शुरन्स ओंबड्समन (विमा लोकपाल). आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही.

सिनिकल_सिन्नरकर
आणि तोवर गाडी गॅरेजात धूळ खात.

सदाशिव_पेठी
दुरुस्ती करून बिलावर भांडता येतं हो. जुने पार्ट आणि फोटो तेवढे ठेवायचे.

मंदार_ठाणे
गाडी विकून टाका. पाच वर्षं झालीच आहेत. मी सीएनजी घेतली, साडेनऊ लाख ऑन रोड, डोक्याला ताप नाही.

वारजेकर_७७
बजेट १५ हजार लिहिलंय हो.

बॉडीशॉप_बाळू
एक राहिलं. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधली सूट) किती आहे?

वारजेकर_७७
४५%. यंदा ५०% झाला असता. ओडीचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम एनसीबी न धरता सातेक हजार.

बॉडीशॉप_बाळू
मग क्लेम घेतलात की शून्य. पुढे २०, २५, ३५, ४५ असं चढत पुन्हा ५० ला पोचेपर्यंत एकूण पावणेनऊ हजारांच्या आसपास जातात. तरी पस्तीस हजारांसमोर ते कमीच. क्लेम घ्या, हेडलाइटचे पावणेपाच हजार वाढवून घ्या. बॉनेट ठोकल्यावर बिल ५७ वर येतं, म्हणजे खिशातून सोळा-साडेसोळा.

कोथरूडची_शुभ्रा
+१. क्लेम घ्याच.

सदाशिव_पेठी
+१. हक्काचे पैसे आहेत, हप्ते भरलेत.

वारजेकर_७७
सर्वांचे आभार. जॉब कार्ड सापडलं, हेडलाइटची नोंद नाहीये, म्हणजे बाळूभाऊ म्हणतात तसं जिंकलोही असतो. पण सोळा आणि वर एनसीबीचे पावणेनऊ, म्हणजे पंचवीस झाले की! भोसरीच्या एका डेंटरने बाहेरचा (कंपनीचा नसलेला) बंपर, बाहेरचा हेडलाइट, रंगासकट सगळं २२ हजारांत सांगितलं. त्याला होकार दिला. क्लेम मागे घेतोय.

आगाऊकाका
बाहेरचा हेडलाइट पहिल्या पावसात आतून धुरकटतो.

बॉडीशॉप_बाळू
हिशोब तुमचा चुकला नाही, पण रंग वर्षात उडाला तर मला सांगू नका. आणि क्लेम 'विड्रॉन' झाला, पैसे दिले नाहीत, एनसीबी कायम, असं कंपनीकडून मेलवर लेखी घ्या. नाहीतर रिन्यूअलला सिस्टिममध्ये क्लेम दिसतो आणि बोंब होते. गॅरेजवाला गाडी उघडल्याचे पैसे मागेल, तेही धरा.

सिनिकल_सिन्नरकर
तो भोसरीवाला कोण? बंपर करतो का? नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.