चॉकलेटच्या पोटातलं: सारण, पुरण की आणखी काही?

भाचा ब्रुसेल्सला असतो, परवा आला तो हाताने केलेल्या चॉकलेटचा डबा घेऊनच, सोळा नग, प्रत्येकाच्या पोटात वेगळं काहीतरी. कुठल्यात काय आहे ते सांगणारा कागद होता पण सासूबाईंनी तो आवराआवरीत टाकून दिला (फ्रेंच आणि डचमधे होता, आम्हाला तसाही उपयोग नव्हता). मग काय, खाऊन ओळखायचं ठरलं. माणसं पाच आणि प्रत्येकाला सगळ्यांची चव हवी, म्हणून मी सुरी आणली तर सासूबाई म्हणतात सुरी कशाला, चिमणीच्या दातांनी तोडा. नातवाला हे माहीतच नाही! फ्रॉकचं टोक नाहीतर सदऱ्याची बाही गोळीवर धरायची आणि वरून चावायचं म्हणजे उष्टं होत नाही, हे शास्त्र त्याला समजावण्यात दहा मिनिटं गेली आणि शेवटी सुरीच वापरली.

तर प्रश्न असा. पहिला नग कापला आणि भाच्याने विचारलं, मामी, आतल्या ह्याला मराठीत काय म्हणायचं? मी पटकन सारण म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, सारण कसलं, पुरण म्हण. आधी हसले, पण मग विचार करत बसले की ह्यांना फरक नक्की कुठे दिसला. मला वाटतं सारण म्हणजे आतलं सुटं, करंजी हलवली की खुळखुळतं ते. मोदकातलं ओलसर असलं तरी खोबरं वेगळं दिसतंच. पुरण मात्र शिजवून वाटून एकजीव, दाबलं तर बोटाचा ठसा राहील असं. ह्या नगात गनाश होतं, म्हणजे क्रीम आणि चॉकलेट एकत्र केलेलं, आणि सुरी त्यातून लोण्यातून जावी तशी गेली. म्हणजे सासूबाई बरोबर. पण दुसऱ्यातनं कॅरमेल निघालं, काकवीसारखं पातळ, बशीत ओघळलं, त्याला ना सारण म्हणवतं ना पुरण. तुम्ही काय म्हणाल?

*

फिलिंग म्हणा की राव. सगळ्यांना कळतं.

*

>> म्हणजे सासूबाई बरोबर

व्युत्पत्तीनेही बरोबर. संस्कृत पूरण म्हणजे भरणं, तेव्हा पुरण ह्या शब्दाचा मुळातला अर्थच फिलिंग. पुढे पोळीत आपण हरभऱ्याची डाळच भरत राहिलो आणि शब्द डाळीला चिकटला, आता चॉकलेटमधे पुरण म्हटलं की लोकांना कटाची आमटी आठवणार. कॅरमेलचं म्हणाल तर अशा वेळी आपण आतल्या जिनसाचंच नाव घेऊन मोकळे होतो. भरल्या वांग्यात काय असतं, तर मसाला. आमच्याकडे तरी त्याला सारण-पुरण कोणी म्हणत नाही.

*

गंमत म्हणजे हा घोळ तिकडेही आहे. बेल्जियममधे ह्या अख्ख्या नगाला प्रालीन म्हणतात. ब्रुसेल्सच्या नॉयहाउस नावाच्या चॉकलेटवाल्याने १९१२ मधे पहिल्यांदा चॉकलेटचं पोकळ कवच करून आत भरायला सुरुवात केली आणि त्याला हे नाव दिलं (दुकान आजोबांचं, सुरुवातीला औषधांचं). पण शब्द त्याच्या कितीतरी आधीचा, सतराव्या शतकातल्या प्लेसी-प्रालँ नावाच्या फ्रेंच सरदारावरून आलेला, आणि फ्रान्समधे अजूनही प्रालीन म्हणजे साखरेत घोळवलेला बदाम. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला मागाल तर पीकन आणि साखरेची वडी देतील. म्हणजे पुरणासारखीच केस, शब्द एक आणि गाव बदललं की आतला माल वेगळा. फ्रान्समधे ह्या नगाला बोंबों म्हणतात, बों म्हणजे छान, तोच शब्द दोनदा, लहान मुलांशी बोलावं तसा. आपला "खाऊ" त्याला जवळचा वाटतो मला.

आणि तुम्ही ज्याला डबा म्हणताय तो खोका, बॅलोटाँ, तो नॉयहाउसच्या बायकोने १९१५ मधे काढला. त्याआधी कागदाच्या शंकूसारख्या पुडीत बांधून द्यायचे, म्हणजे आपल्याकडे चणे-दाणे देतात तशा, आणि तळातली चॉकलेटं चेपायची.

*

ताई, आमच्या गोव्यात नारळ-गुळाच्या सारणाला चून म्हणतात. तुमच्या डब्यात मार्झिपान (वाटलेले बदाम आणि साखर) असेल तर तेही आमच्या ओळखीचं, कुसवारात, म्हणजे नाताळच्या फराळात, असतंच, फक्त बदामाऐवजी काजूचं आणि साच्यातून काढलेलं. ते भरण्यासाठी नसतं, तसंच खायचं, त्यामुळे चॉकलेटच्या आत गेलं तरी मी त्याला सारण म्हणणार नाही. जो पदार्थ बाहेर स्वतंत्र उभा राहतो तो आत गेला म्हणून सारण होत नाही असं आपलं माझं मत, चूक असेल तर सांगा.

*

हे पटलं नाही. खवा बाहेरही उभा राहतो आणि करंजीत गेला की सारण होतो.

*

मीच, धागा काढणारी. मार्झिपान होतं, चौथ्या नगात! सासूबाईंनी जिभेवर ठेवल्या ठेवल्या "बदामाचा हलवा, पण रवाळ" म्हणून सांगितलं. आता हा रवाळ शब्द बघा. तूप रवाळ, पेढा रवाळ, म्हणजे कौतुक. तोच शब्द गनाशला लावला तर तक्रार, फाटलं म्हणून. आणि डार्कच्या नगाला त्या कडू म्हणाल्या नाहीत, "अगोड" म्हणाल्या. काय नेमका शब्द आहे! कडू म्हणजे कारलं, अगोड म्हणजे साखर हवी होती तेवढी पडली नाही. मला स्वतःला ते थोडं तुरटही लागलं.

बाहेरच्या कवचाला मात्र शब्द शोधावा लागला नाही, पारी. मोदकाची असते तशीच. पातळ पारी, भरपूर आतलं, म्हणजे सुगरण, हा हिशोब तिकडेही तोच असणार.

आणि अवांतर, नारळाचा चव आणि जिभेची चव. भाचा विचारतो मोदकात चव असतो की असते? म्हटलं दोन्ही, आधी तो घालावा लागतो.

*

पारी झकास. मी दिवाळीला चॉकलेटच्या ऑर्डरी घेते म्हणून सांगते, आपल्याकडे होममेड म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं कंपाउंड असतं, कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल. ते वितळवून मोल्डमधे ओतलं की झालं, पण चावल्यावर मेणचट लागतं, टाळूला ओशट थर राहतो. खऱ्या चॉकलेटची पारी करायची तर टेंपर करावं लागतं, डार्क असेल तर ४५-५० अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत खाली आणायचं आणि परत ३१-३२ वर न्यायचं, तेव्हा ती चमकते आणि कट्कन तुटते. एक-दोन अंश इकडेतिकडे झाले की गेलं. पाकाची तार बघतो ना, तसंच, फक्त इथे बोटांऐवजी थर्मामीटर. आणि पांढुरकं दिसलं तर बुरशी समजून फेकू नका, स्निग्धांश वर येतो कधीकधी. आमच्या घरी त्याला "चॉकलेटचे पाय उललेत" म्हणतात, थंडीत आपले पांढरे पडतात तसे :)

फ्रिजमधे ठेवलंत का ताई? ठेवायचं नसतं, बाहेर काढलं की दव धरतं.

*

ठेवलं :( रात्री कोणीतरी शहाणपणा केला, सकाळी सगळ्यांवर घाम. विरघळलं नाही पण चमक गेली ती गेलीच.

एकच नग उरलाय त्याचं सांगते. आत शेंगदाण्याच्या कुटासारखं भुरभुरीत, पण शेंगदाणा नाही, हेझलनट असावं, आणि मधेमधे अगदी पातळ असं काहीतरी कुरकुरतंय. भाच्याने नेटवर शोधलं, फ्रान्समधे कागदासारखे पातळ कुरकुरीत गुंडाळलेले पापुद्रे असतात त्यांचा चुरा घालतात म्हणे, त्याला नावही भलंमोठं आहे. सासूबाईंनी अर्धा तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, चिरोट्याचा चुरा. बाकीचा अर्धा त्यांनी कोणाला दिला नाही.