बँकेने आमचं होम लोन परस्पर विकलं, आता काय करायचं?

पिंपरीकर_पोर:
नमस्कार मंडळी, पिंपरीत आमचा फ्लॅट आहे, बाबांच्या नावावर लोन. वर्कशॉप बंद पडलं, हप्ते थकले, खातं एनपीए (बुडीत) झालं हे सगळं मान्य. पण आता भलत्याच कंपनीचं पत्र आलंय की तुमचं कर्ज आम्ही घेतलं, खाली सही 'अमुक ट्रस्टचे ट्रस्टी' म्हणून. बँकेत गेलो तर म्हणे फाइल आमच्याकडे नाहीच. आम्हाला न विचारता असं विकता येतं का? रात्री नऊला फोन येतात, आई रिंग वाजली की दचकते. एक काका म्हणाले त्या कंपनीने कवडीमोलाने घेतलंय, तेवढेच द्या नि मोकळे व्हा. खरंय का??

कोर्टाची_पायरी:
विकता येतं. तुमची परवानगी लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच आयसीआयसीआय बँकेच्या केसमध्ये हे मान्य केलंय. ही एआरसी असणार, म्हणजे असेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी. ती ट्रस्ट काढून थकीत कर्जं घेते आणि त्यात मोठे फंड, कधी परदेशी सुद्धा, पैसे घालतात, म्हणून ते ट्रस्टी वगैरे. पण सरफेसी, म्हणजे गहाण मालमत्तेतून थकीत कर्ज वसुलीच्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ती बँकेच्या जागी येते, बस. करार तोच राहतो, नवा मालक आला म्हणून त्याच्या मनाने व्याजदर बदलत नाही. लेखी मागा: असाइनमेंटच्या, म्हणजे कर्ज त्यांच्याकडे दिल्याच्या, कागदाची कॉपी आणि खात्याचा पूर्ण हिशोब. पत्र यायच्या आधी बँकेत काही भरलं असेल तर तेही हिशोबात दिसलं पाहिजे. आणि एजंटच्या हातात कॅश अजिबात नको. फोनचं म्हणाल तर रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे, सकाळी ८ च्या आधी नि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, एआरसीलाही लागू. कॉल लॉग जपून ठेवा.

गण्या_भाऊ:
काका बरोबर बोलतायत, ३० टक्क्यात घेतलं असेल तर ३० टक्केच द्या ना, सोप्पं आहे 😄

कोर्टाची_पायरी:
गण्या, असं नसतं रे. त्यांनी कितीला घेतलं तो त्यांचा नि बँकेचा सौदा, कागदावर देणं पूर्णच राहतं. हां, स्वस्तात घेतलेलं असल्यामुळे तडजोडीला जागा असते, वन टाइम सेटलमेंटचा (एकरकमी तडजोडीचा) अर्ज जरूर द्या, पण मंजुरी लेखी आल्याशिवाय काही धरून चालू नका.

सातारची_ताई:
माझ्या दिराचं सांगते, आम्ही कुठे चुकलो ते. आधी ६० दिवसांची नोटीस येते, सरफेसीच्या कलम १३(२) ची. तिला लेखी हरकत घेतली तर त्यांना १५ दिवसात कारणासकट उत्तर द्यावं लागतं. आम्ही हरकत घेतलीच नाही, वाटलं मॅनेजरशी बोलून होईल. मग एक दिवस दारावर ताब्याची नोटीस चिकटवली, पेपरातही आली, पण घर आमच्याच ताब्यात, कुलूप नाही काही नाही, त्यामुळे सगळे म्हणाले नुसती धमकी आहे. तो कागद लागला की डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जायला ४५ दिवस असतात, आणि आम्ही तडजोडीच्या मागे लागून ते घालवले. सिव्हिल कोर्टात यात दाद लागत नाही. आणि एक, पूर्वी विक्री होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात निघाली की तो हक्क संपतो, सुप्रीम कोर्टाने २०२३ ला तेच सांगितलं. नोटिशीचं पाकीट सुद्धा फेकू नका, तारीख त्यावर असते.

पिंपरीकर_पोर:
ताई, दारावर चिकटवलेला कागद आमच्याकडे पण आहे 😟 बाबांनी काढून देवघरात ठेवला होता, आत्ता तारीख बघितली. आज ३१ वा दिवस.

कोर्टाची_पायरी:
१४ दिवस आहेत. डीआरटी पुण्यातच आहे. उद्या सकाळी वकील गाठ, दोन्ही नोटिसा आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा.