हॅनफर्डचा किरणोत्सारी गाळ थेट काचेत का ओतत नाहीत?

कुतूहल
अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला बॉम्बसाठी प्लुटोनियम काढताना निघालेला कचरा 177 भूमिगत टाक्यांत पडून आहे. शेवटी त्याची काचच करायची (म्हणजे वितळलेल्या काचेत मिसळून डब्यांत गोठवायचा), तर आधी धुण्या-उकळण्याचे सोपस्कार कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कॉस्टिककाका
माझी हयात ॲल्युमिना कारखान्यात गेली, अणुऊर्जेशी संबंध नाही. पण ही प्रक्रिया वाचली आणि म्हटलं, अरे, हे तर आपलंच काम! त्या गाळातला बराच माल किरणोत्सारी नाहीच. इंधनावरचं ॲल्युमिनियमचं आवरण कॉस्टिकमध्ये (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात) विरघळवून तेही टाक्यांत सोडलं होतं. त्याचा खाली बसला गिब्साइट आणि बोहेमाइट, म्हणजे बॉक्साइटमधली खनिजं. गरम कॉस्टिकमध्ये गिब्साइट मुकाट विरघळतो. बोहेमाइट हट्टी. आम्ही त्याला दाबाखाली दोनशे अंशांच्या वर नेऊन वठणीवर आणायचो. तिथल्या आराखड्यात शंभरच्या आतच भागवायचंय, म्हणून वेळ जास्त. शिवाय द्रावण थंड झालं की ॲल्युमिनियम पुन्हा खाली बसतं. आमच्याकडे पाइपातलं स्केल (आत जमलेला कडक थर) छिन्नी-हातोड्याने फोडायचे. तिथे पाइपाजवळ उभं कोण राहणार?

क्रोमियमचं दुखणं वेगळं. ते परमँगनेट (ऑक्सिडीकरण करणारं रसायन) घालून विरघळवायचं. राहिलं तर काचेच्या भट्टीत स्पिनेलचे (धातूंच्या ऑक्साइडच्या स्फटिकांचे) खडे तळाशी बसतात. सल्फेट धुऊन काढलं नाही तर वितळलेल्या काचेवर मिठाचा थर तरंगतो. हे सगळं काचेत कोंबायचं तर काच वाढवावी लागते, डबे वाढतात. आणि त्या डब्यांना कायमची जागा अजून मिळालेलीच नाही!

निशाचर
आणि धुतलेलं पाणी?

कॉस्टिककाका
किरणोत्सारी सीझियम बहुतांशी पाण्यात उतरतं, स्ट्रॉन्शियम-प्लुटोनियम गाळात राहतात. टाक्यांमधल्या द्रवातलं सीझियम 2022 पासून टाकीशेजारीच आयन-विनिमयाने (सीझियम धरून ठेवणाऱ्या कणांमधून द्रव सोडून) काढून घेतात. उरलेल्या कमी किरणोत्सारी द्रवाची काच करायला ऑक्टोबर 2025 मध्ये सुरुवात झाली. गाळाच्या काचेला अजून अवकाश आहे.

कुतूहल
मग आपल्या तारापूरलाही असा गाळ साठलाय का?

कॉस्टिककाका
तसा नाही. आपल्याकडे तीव्र किरणोत्सारी कचरा नायट्रिक आम्लातच, स्टेनलेस स्टीलच्या टाक्यांत ठेवतात. (ट्रॉम्बेच्या जुन्या कचऱ्यात सल्फेट होतं, त्यासाठी बेरियम घातलेली वेगळी काच बनवली.) हॅनफर्डच्या टाक्या साध्या कार्बन स्टीलच्या. आम्लाने त्या खाल्ल्या असत्या, म्हणून आधी कॉस्टिक ओतून कचरा अल्कधर्मी केला आणि धातूंची हायड्रॉक्साइडं तळाशी बसली. थोडक्यात, टाकीच्या पोलादात काटकसर केली आणि गाळ पदरात पडला.