अनुभव धागा: स्टार ट्रेकची क्विझ घेताना (इंदूर)

राजेंद्रनगर
मंडळी, आपल्याकडे कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये स्टार ट्रेक या अमेरिकन अंतराळ मालिकेवर एकमेकांची परीक्षा घेणं चालूच असतं. प्रश्न कसे काढता, बझर कसला वापरता, भांडण नेमकं कुठे लागतं, ते इथे लिहा. किस्से नकोत, दुसऱ्याला उद्या वापरता येईल अशी माहिती हवी.

रामबाग
भांडण बहुतेक वेळा प्रश्न ढिला असल्यामुळे होतं. 'पहिला भाग कोणता?' हाच प्रश्न घ्या. आधी तयार झाला 'द केज', तो पायलट (नमुना भाग) एनबीसी वाहिनीने नाकारला. दुसरा पायलट पसंत पडला, पण दाखवला गेला तिसऱ्या क्रमांकावर. पडद्यावर आधी आला 'द मॅन ट्रॅप', 8 सप्टेंबर 1966 रोजी. त्यातही कॅनडात तो दोन दिवस अगोदर, 6 तारखेलाच दिसला होता. म्हणजे 'अमेरिकेत' आणि 'प्रसारित' हे दोन शब्द प्रश्नात हवेतच.

भागांच्या संख्येचंही तेच. मूळ मालिकेचे 79, 'द केज' धरला तर 80. नंतरच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेचे 178, पण पहिला आणि शेवटचा हे दुप्पट लांबीचे भाग एकेकच मोजले तर 176. दोन्ही आकडे उत्तराच्या कागदावर आधीच लिहून ठेवा आणि दोन्हींना पूर्ण गुण द्या. ऐनवेळी फोनवर शोधत बसलं की अर्धा हॉल चहाला उठतो.

सुदामानगर
रामबागवाल्यांशी सहमत. शिवाय सुरुवातीलाच जाहीर करा की ॲनिमेटेड मालिका धरायची की नाही. मूळ मालिकेतल्या कॅप्टन जेम्स टी. कर्कच्या नावातलं 'टी' म्हणजे टायबेरियस हे आधी तिथेच, 1974 मध्ये ऐकू आलं. चित्रपटात ते यायला 1991 उजाडलं. 'कधी कळलं?' असं विचारलंत तर दोन टीम दोन वर्षं सांगणार आणि दोघी बरोबर.

सापळ्याचे प्रश्न दोन-तीनच ठेवा. दुसऱ्या पायलटमध्ये कर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर. कर्क' लिहिलंय, 'टी' नाही. 'बीम मी अप, स्कॉटी' हे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वाक्य मूळ मालिकेत याच शब्दांत कुणीच बोलत नाही. नासाचं एंटरप्राइझ हे शटल चाहत्यांच्या पत्रांमुळे त्या नावाचं झालं, 1976 मध्ये लोकांसमोर आलं, पण अंतराळात कधीच गेलं नाही. तिन्ही एका फेरीत घातले तर लोक सावध होतात आणि पुढच्या साध्या प्रश्नांतही खोट शोधत बसतात.

पलासिया
गणिताची फेरी कुणी घेत नाही, आणि मजा तर तिथेच आहे! मूळ मालिकेच्या काळातलं वॉर्पचं, म्हणजे जहाजाच्या प्रकाशापेक्षा जास्त वेगाचं, सूत्र सोपं: वॉर्पच्या आकड्याचा घन, गुणिले प्रकाशाचा वेग. वॉर्प 2 म्हणजे 8 पट, वॉर्प 6 म्हणजे 216 पट, वॉर्प 9 म्हणजे 729 पट. नेक्स्ट जनरेशनपासून मोजपट्टी बदलली. तिथे वॉर्प 6 साधारण 392 पट, वॉर्प 9 साधारण 1516 पट, आणि वॉर्प 10 म्हणजे अनंत वेग.

प्रश्न असा काढा: 4.24 प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याला वॉर्प 6 ने किती दिवस लागतील? जुन्या पट्टीने सात दिवसांच्या थोडं वर, नव्याने चारच्या आत. कोणती पट्टी ते सांगायचं, कागद-पेन द्यायचं, दोन मिनिटं वेळ आणि अर्ध्या दिवसाची सूट. मात्र पडद्यावरच्या प्रवासांना हे सूत्र लावू नका. कथेला घाई असली की जहाज सूत्र पाळत नाही.

स्नेहलतागंज
बझरबद्दल सविस्तर लिहितो, कारण बिनतारी डोअरबेल वापरून सगळे फसतात. एकाच मेकच्या दोन बेल असल्या की एकीचं बटण दाबल्यावर दुसरीही वाजते, आणि आधी कोण हे कळायला मार्गच नाही.

चार टीमसाठी महाराणी रोडवरून चार रिले (विजेवर चालणारे स्विच) आणा. 12 व्होल्टचे, 14 पिनांचे, म्हणजे चार चेंजओव्हर (दोन्हीकडे बदलणाऱ्या) संपर्कांचे; सोबत त्यांचे सॉकेटही. प्रत्येक रिलेचे तीन 'नॉर्मली क्लोज्ड' (एरवी जोडलेले) संपर्क उरलेल्या तीन टीमच्या लाइनमध्ये एकेक घालायचे, म्हणजे एकाने दाबलं की बाकीच्यांची लाइन तुटते. चौथा 'नॉर्मली ओपन' (एरवी उघडा) संपर्क स्वतःच्या बटणाला समांतर, म्हणजे बोट काढलं तरी रिले धरून राहतो. 12 व्होल्टचा छोटा एलईडी दिवा रिलेच्या कॉइलला (गुंडाळीला) समांतर. पुरवठ्याच्या मुख्य तारेत 'पुश टू ब्रेक' (दाबल्यावर वीज तोडणारं) बटण घालायचं; तोच रीसेट, आणि तो क्विझमास्तरच्या हातात. 12 व्होल्ट, 2 अँपिअरचा ॲडॉप्टर भरपूर झाला.

प्रत्येक कॉइलवर 1एन4007 डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे. नाही लावला तर रीसेटच्या बटणात ठिणगी पडून संपर्क जळत जातात. दिशा चुकली तर टीमचं बटण दाबताच शॉर्ट. आणि दोन टीमनी अगदी एकाच क्षणी दाबलं तर दोन्ही रिले खडखडतात, कुणाचाच दिवा टिकत नाही. ते बिघाड समजू नका. प्रश्न रद्द, पुढचा घ्या.

विजयनगर
आवाजाच्या फेरीसाठी दरवाजाचा सुस्कारा, ट्रान्सपोर्टर (माणसं क्षणात दुसरीकडे पाठवणारं यंत्र), कम्युनिकेटर (हातातलं बोलण्याचं यंत्र), रेड अलर्ट (धोक्याचा भोंगा). प्रत्येकी चार सेकंद पुरे. स्पीकर वायरचाच घ्या, ब्लूटूथवर पहिला अर्धा सेकंद अनेकदा गिळला जातो आणि कम्युनिकेटरची चिवचिव तेवढीच असते. मे महिन्यात कूलर बंद ठेवून ही फेरी उरका, नंतर लावा. कूलरच्या घरघरीत जहाजाच्या इंजिनाचा आवाज ओळखायला सांगणं हा अन्याय आहे.

चित्रांत गणवेश विचारत असाल तर मालिका सांगा. मूळ मालिकेत कमांडवाले सोनेरी, इंजिनीअर आणि सुरक्षावाले लाल. नेक्स्ट जनरेशनमध्ये नेमकं उलट. कर्कच्या शर्टाचं कापड प्रत्यक्षात हिरवट होतं, पडद्यावर सोनेरी दिसायचं. त्यामुळे 'रंग कोणता' असं नाही, 'पडद्यावर कोणता दिसतो' असं विचारा.

अन्नपूर्णा
पास होणाऱ्या प्रश्नांत डावीकडून उजवीकडेच जात राहिलात तर कच्च्या टीमच्या पुढे बसलेल्यांची चांदी होते. अर्ध्यावर दिशा उलटवा. थेट उत्तराला 10, पासवर 5. लेखी फेरीचे कागद गोळा झाल्याशिवाय पोहे-जिलेबी आणू नका भिया, पाकाच्या बोटांनी अक्षर वाचता येत नाही.

टिळकनगर
टायब्रेकरसाठी जवळच्या आकड्याचा प्रश्न ठेवा, पाठांतरवाल्यांनाही तिथे फायदा मिळत नाही. आमच्याकडचा देतो: मूळ मालिकेचा अमेरिकेतला पहिला भाग 8 सप्टेंबर 1966 ला आला, शेवटचा 3 जून 1969 ला; मध्ये किती दिवसांचं अंतर? तारखा प्रश्नातच द्यायच्या, 20 सेकंद, तोंडी हिशेब. उत्तर 999. मधल्या 1968 च्या लीप वर्षाचा दिवस बरेच जण विसरतात आणि 998 वर येतात. पहिला आणि शेवटचा असे दोन्ही दिवस मोजणारा 1000 म्हणेल, म्हणून 'अंतर' हा शब्द वाचताना जरा जोर द्या.