अमिगाच्या फ्लॉप्या मध्येच अडकतात: बुरशी की व्हायरस?

निनाद_स्टुटगार्ट

नमस्कार मंडळी. इथल्या फ्लोमार्क्टमध्ये (जुन्या बाजारात) एका आजोबांकडून अमिगा ५००, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, उचलला. माऊस, जॉयस्टिक आणि बुटाच्या खोक्यात कोंबलेल्या फ्लॉप्या, सगळं एकगठ्ठा. मशीन ठणठणीत आहे, गेमही बरेचसे चालतात. पण आजोबांच्या मुलाने स्वतः लेबलं लिहिलेल्या काही फ्लॉप्या आहेत. शाळेचे निबंध, पत्रं असं काहीबाही असावं. त्यातल्या कित्येकांवर फाइल उघडताना मध्येच 'रीड/राइट एरर'ची चौकट येते. आजोबा म्हणतात, तेव्हा व्हायरसने सगळं खाल्लं होतं.

घरगुती खेळण्यातल्या मशीनवरचे व्हायरस खरंच डेटा उडवायचे? की तेव्हाची पोरं बिघडलेल्या फ्लॉपीचं खापर व्हायरसवर फोडायची? आणि हे प्रकरण माझ्या लॅपटॉपमध्ये शिरणार नाही ना?

खटपट्या

बुरशी. डोळे झाकून सांगतो. शटर सरकवून चकती उजेडात तिरकी धरा, पांढुरके डाग दिसतील.

त्या काळचे व्हायरस म्हणजे निव्वळ टवाळकी होती. पहिला गाजलेला 'एल्क क्लोनर' घ्या: १९८२, ॲपल टूवर, पेनसिल्व्हेनियातल्या रिच स्क्रेंटा नावाच्या पंधरा वर्षांच्या पोराने मित्रांची खोडी काढायला लिहिलेला. लागण झालेली फ्लॉपी पन्नासाव्यांदा बूट केली की पडद्यावर कविता. बस्स. निरुपद्रवी मामला.

आत्याबाई

खटपट्या, बुरशीपर्यंत ठीक आहे, पण 'निरुपद्रवी' हा शब्द मागे घ्या. १९८८ ते १९९१ मी हॅनोव्हरला शिकत होते आणि संध्याकाळी एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटर सांभाळायचे. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक शाळकरी पोरं आणि त्यांच्या मागे पाकीट धरून उभे असलेले बाप. व्हायरसने काय केलं हे पोरांच्या तोंडावर वाचता यायचं.

तुमचा एल्क क्लोनरही इतका साधा नव्हता. ज्या फ्लॉपीवर ॲपलचं नेहमीचं डॉस (डिस्क हाताळणारी सिस्टीम) नसायचं, तिथल्या राखीव ट्रॅकवर तो स्वतःला लिहायचा. तिथे दुसऱ्याचं काही असलं तर ते गेलं. लेखकाच्या मनात वाईट नव्हतं, मान्य. पण फ्लॉपीला मन कुठे दिसतं?

आता अमिगा. निनाद, आधी हे मशीन सुरू कसं होतं ते बघ, म्हणजे पुढचं कळेल. फ्लॉपी ८८० केबीची: १७६० ब्लॉक, प्रत्येक ५१२ बाइटचा. त्यातले पहिले दोन, म्हणजे १०२४ बाइट, हा बूटब्लॉक. फ्लॉपी घालून मशीन चालू केलं की तिथे जो कोड असेल तो निमूटपणे चालवला जातो. कुणी लिहिला, कशासाठी, विचारणारं कुणी नाही. व्हायरस लिहिणाऱ्याला एवढी ओसरी मिळाली की पुरे. शिवाय कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा दाबून रीसेट केलं तरी मेमरी पुसली जात नाही. रीसेटनंतर कुठे उडी मारायची त्याचे पत्ते मेमरीतच ठेवलेले असतात. व्हायरस तिथे आपला पत्ता टाकून बसायचा. मग तू दुसरी फ्लॉपी घालून रीसेट कर, तिसरी घाल, प्रत्येकीच्या बूटब्लॉकवर त्याची प्रत. त्याला घालवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे मशीनचा वीजपुरवठा अर्धा मिनिट बंद ठेवायचा. पोरांना एवढा धीर नसायचा.

नोव्हेंबर १९८७ मध्ये आलेला 'एससीए' हा यातला पहिला गाजलेला. 'स्विस क्रॅकिंग असोसिएशन' नावाच्या टोळीचा. काही प्रती झाल्या की पडद्यावर मजकूर: 'समथिंग वंडरफुल हॅज हॅपन्ड, युअर अमिगा इज अलाइव्ह'. याला आजही लोक गंमत म्हणतात. मला त्या गंमतीचा राग आहे. विकतच्या गेमचा बूटब्लॉक हा बहुतेक वेळा त्या गेमचा स्वतःचा लोडर, म्हणजे गेम मेमरीत आणणारा कोड, असायचा. एससीए त्याच्यावर स्वतःला लिहायचा आणि गेम कायमचा मेला. वर गेमला कॉपी प्रोटेक्शन, म्हणजे घरी प्रत नाहीच. पोरगं महिनोन् महिने खाऊचे पैसे साठवून आणलेली फ्लॉपी काउंटरवर ठेवायचं आणि विचारायचं, हे दुरुस्त होतं का. नाही व्हायचं. आणि व्हायरस काढायला निघालेले शहाणे 'इन्स्टॉल डीएफ झिरो' ही कमांड मारायचे. ती कोरा, नेहमीचा बूटब्लॉक लिहिते. व्हायरस जातो हे खरं, पण लोडर शिल्लक असलेल्या गेमवर मारली तर गेमही जातो. रोगाने वाचलेले औषधाने मेले, असा तो कारभार होता.

१९८८ चा 'बाइट बँडिट' पडदा काळा करायचा. डावी आल्ट, डावी अमिगा, स्पेसबार, उजवी अमिगा, उजवी आल्ट एवढ्या कळा दाबल्या की चित्र परत. दुकानात फोन आला की मी हेच सांगायचे. पलीकडून आधी शांतता आणि मग आरडाओरडा.

पण तुझ्या आजोबांच्या मुलाच्या बाबतीत माझा संशय तिसऱ्यावर आहे: 'लेमर एक्स्टरमिनेटर', म्हणजे 'अडाण्यांचा कर्दनकाळ'. ऑक्टोबर १९८९ मध्ये तो जर्मनीतच पहिल्यांदा सापडला. हा पडद्यावर काही दाखवत नाही. बूटब्लॉक तपासायला गेलात तर मेमरीत बसलेला हा मध्ये पडून साधा, स्वच्छ बूटब्लॉक पुढे करतो. त्याचा कोडही गुंडाळलेला, म्हणजे उघड्या डोळ्यांनी बघितलं तर नुसता कचरा. आणि मग केव्हातरी तो फ्लॉपीवरचा वाटेल तो एक ब्लॉक निवडतो आणि त्यात 'लेमर!' हा शब्द ८४ वेळा लिहितो. एकच ब्लॉक. तुम्हाला लगेच कळतही नाही. ज्या दिवशी ती फाइल उघडाल त्या दिवशी ती चौकट येते, तीच जी तुला दिसते आहे. तोवर सावध माणसाने त्या फ्लॉपीची बॅकअप प्रतही काढलेली असते, त्या खड्ड्यासकट.

एक गृहस्थ चर्चच्या गायकवृंदाच्या याद्या घेऊन आले होते. दोन फ्लॉप्या, मूळ आणि बॅकअप. दोन्ही एकाच नावाशी अडकायच्या. मालकांनी सेक्टर एडिटर (ब्लॉकमधले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्रॅम) लावला आणि ब्लॉक एकेक करून पुढे सरकवले. नावं, पत्ते, नावं, पत्ते, आणि एकदम उजव्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'लेमर!लेमर!लेमर!'. बॅकअपवरही त्याच जागी तेच. गृहस्थांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, त्यांनी विचारलं हा लेमर कोण. मालक काही बोलले नाहीत.

म्हणून म्हणते, ढोल बडवत येणारे परवडले. हा महिनाभर गप्प बसून पोखरतो.

निनाद, आता कामाचं. त्या फ्लॉप्या अमिगात घालून पुन्हापुन्हा तपासू नकोस. आधी प्रत्येकीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी कर. साडेतीन इंचीला भोक उघडं म्हणजे लिहायला बंदी. ही बंदी ड्राइव्हच पाळतो, कुठल्याही व्हायरसला ती मोडता येत नाही, कुणी काहीही सांगो. मग 'ग्रीसवीझल' नावाचं छोटं बोर्ड मिळतं, ते आणि पीसीचा जुना फ्लॉपी ड्राइव्ह जोडून प्रत्येकीची प्रतिमा, म्हणजे सगळ्या ब्लॉकांची एका एडीएफ फाइलीतली नक्कल, काढ. ती फाइल बरोबर ९,०१,१२० बाइटची येईल. ब्लॉक वाचलेच जात नसतील तर बुरशी किंवा मार लागलेली चकती. सगळे १७६० नीट वाचले गेले आणि तरी अमिगा कुरकुरतो, तर हेक्स एडिटरमध्ये (बाइट आकड्यांत दाखवणारा प्रोग्रॅम) ४सी ४१ ४डी ४५ ५२ २१ शोध, म्हणजेच 'लेमर!' ही इंग्रजी अक्षरं.

लॅपटॉपची काळजी सोड. हा कोड ६८००० प्रोसेसरचा आहे, तुझ्या लॅपटॉपला तो कळतच नाही. एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवर अमिगाची नक्कल करणारा प्रोग्रॅम) मात्र जिवंत होईल, तेव्हा एडीएफ फाइली रीड-ओन्ली ठेव.

टेपवाला

आत्याबाई, जबरदस्त प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

आमच्याकडे 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' होता, डेसिबेल्सने १९८६ मध्ये भारतात आणलेला. त्यावर व्हायरस ऐकलाही नव्हता आणि आत्ता वाचताना कारण लक्षात आलं. सगळी सिस्टीम १६ केबीच्या रॉममध्ये, तिथे कुणाला लिहिता येत नाही. चालू केलं की आपोआप काही लोड होत नाही, आपणच लोड म्हणायचं आणि टेपचं कर्णकर्कश किंचाळणं ऐकत बसायचं. आणि व्हायरसला दुसऱ्या कॅसेटवर जायचं तर टेपरेकॉर्डरचं रेकॉर्डचं बटण कुणीतरी बोटाने दाबायला हवं. तेवढं इमान कुठल्या प्रोग्रॅमला असणार?

म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह ही चैन परवडली त्यांनाच हा रोग. आयुष्यात एकदाच गरिबीचा फायदा झाला.

जोशीबुवा

थोडं अवांतर, घरगुती मशीन नाही तर पीसी. पण आडनावाचा प्रश्न आहे म्हणून लिहितो.

'जोशी' व्हायरस माहीत आहे का? १९९० मध्ये भारतात सापडला. ५ जानेवारीला मशीन चालू केलं की अडून बसायचं आणि 'टाइप हॅपी बर्थडे जोशी' अशी मागणी. तसं टाइप केलं की पुढे काम सुरू. फ्लॉपीवर नेहमीच्या ट्रॅकांपलीकडे एक जादा ट्रॅक फॉरमॅट करून स्वतःचा बराचसा भाग तिथे ठेवायचा, त्यामुळे साध्या पाहणीत दिसायचा नाही. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ५ जानेवारीला मला पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाढदिवस माझा ऑगस्टात. लॅब असिस्टंटला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

'मायकेलअँजेलो'ची धास्तीही आठवते, ६ मार्च १९९२. त्या दिवशी तो हार्ड डिस्कची सुरुवातच कचऱ्याने भरायचा. पण तारीख तो मशीनच्या आतल्या घड्याळाकडून घ्यायचा आणि ते घड्याळ एटीत (त्या वेळच्या नव्या पीसीत) असायचं. आमच्या एक्सटींना (त्याआधीच्या जुन्या पीसींना) घड्याळच नव्हतं, डॉस रोज सकाळी तारीख विचारायचं आणि आम्ही नुसतं एंटर मारायचो. त्यांच्या दृष्टीने कायम १ जानेवारी १९८०. लॅबमध्ये नव्या एटींना सुट्टी, एक्सटी मजेत चालू.

आत्याबाईंच्या लेमरचा सख्खा भाऊ पीसीवरही होता: सोफियाचा 'डार्क ॲव्हेंजर', १९८९. लागण झालेला प्रोग्रॅम दर सोळाव्यांदा चालवला की डिस्कवरचा वाटेल तो एक सेक्टर खलास. तोही तसाच, गुपचूप.

खटपट्या

लेमरबद्दल खरंच वाचलं नव्हतं. 'निरुपद्रवी' मागे. बुरशीवर मात्र मी ठाम.

निनाद_स्टुटगार्ट

सगळ्यांचे आभार. ग्रीसवीझल मागवलं, प्रतिमा काढल्या. खटपट्या आणि आत्याबाई दोघंही जिंकलात. बहुतेक फ्लॉप्यांवर ब्लॉक वाचलेच जात नाहीत आणि उजेडात धरल्यावर डाग स्पष्ट दिसतात. पण दोन फ्लॉप्यांचे सगळे १७६० ब्लॉक स्वच्छ आले आणि दोन्हींत 'लेमर!' सापडला. एकीत एका पत्राच्या मधोमध. बूटब्लॉकची सुरुवात 'डॉस' या अक्षरांनी आणि थोड्याच अंतरावर नुसती गिचमिड, अगदी तुम्ही म्हणालात तशी.

आजोबांना कळवलं. मुलगा आता पन्नाशीचा आहे, त्याला फाइली हव्या आहेत. पत्राचा उरलेला भाग काढता येईल का? अमिगा त्या जागी थांबतो, पुढचं देतच नाही.

आत्याबाई

येईल. जुन्या फाइलसिस्टीमची फ्लॉपी आहे ना? मग सोपं आहे. प्रत्येक डेटा ब्लॉकमध्ये पहिले २४ बाइट माहितीचे आणि ४८८ मजकुराचे. त्या २४ मध्ये पुढचा ब्लॉक कुठला हे असतं, लेमरने नेमकं तेच पुसलं, म्हणून अमिगा अडतो. पण फाइलच्या हेडर ब्लॉकमध्ये (फाइलची माहिती ठेवणारा ब्लॉक) सगळ्या डेटा ब्लॉकांची वेगळी यादी असते, ७२ पर्यंत, उलट्या क्रमाने, म्हणजे पहिला ब्लॉक यादीच्या तळाशी. त्यावरून एकेक ब्लॉक उचल, प्रत्येकाचे पहिले २४ बाइट काढून टाक आणि बाकीचे जोड. पत्रातली जास्तीत जास्त ४८८ अक्षरं जातील, पुढचं सगळं मिळेल.

दुसऱ्या फ्लॉपीवर जर हेडर ब्लॉकच खाल्ला असेल तर उलट बाजूने जा. प्रत्येक डेटा ब्लॉकच्या त्या २४ बाइटांत त्याच्या हेडरचा क्रमांक आणि फाइलमधला स्वतःचा अनुक्रमांक असतो. १७६० मधून त्या हेडरचे ब्लॉक वेगळे कर आणि अनुक्रमाने लाव. पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींचं काम आहे. अडलास तर कोड इथेच टाक, बघते. आणि आकडे वाचताना मोठा बाइट आधी, हे ६८००० आहे.