तीर्थस्थानासाठी कायम निधी उभारण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. नागपूरजवळच्या आमच्या लहानशा धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) संत अंतोनी यांचे तीर्थस्थान आहे. १३ जूनच्या सणाला दानपेटी भरते खरी, पण तो पैसा छपराच्या डागडुजीतच संपतो आणि मे महिन्यात, जेव्हा मेणबत्त्या पेटवण्याआधीच उन्हाने वाकतात, तेव्हा भाविकांच्या पाण्याच्या टँकरसाठीही वर्गणी मागावी लागते. म्हणून मुद्दलाला हात न लावता केवळ व्याजावर देखभाल चालेल असा कायम निधी उभारण्याचे विश्वस्तांनी ठरवले आहे.

अडचण अशी की, प्राप्तिकरासाठी देणगी कायम निधीत धरायची तर दात्याचा तसा स्पष्ट निर्देश लागतो, आणि आमचे दान बहुतेक पेटीतले, निनावी. शिवाय परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आमच्याच माणसांकडूनही एफसीआरए (परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा) अंतर्गत नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय देणगी घेता येत नाही.

असा निधी कोणी उभारला असल्यास दात्याच्या निर्देशपत्राचा मराठी नमुना मिळेल का? महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून व्याजाचा किती हिस्सा आपण पुन्हा ठेवीत घालता? देणगीदारांच्या नावांच्या पाट्या लावाव्यात, हा सल्ला मात्र कृपया नको. भिंती आधीच भरल्या आहेत.